लुकाची वही, नोंद सहावी: अडलंय ते सेंटरपाशी

2025 च्या नवरात्रात वही चांगली पुढं सरकली. लुका डॉन्चिच हा बास्केटबॉलपटू लेकर्स संघाच्या आक्रमणात बसतो का, हे शोधायला ही वही आहे. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या लेकर्स-मिनेसोटा टिंबरवुल्व्ज मालिकेच्या पाचही मॅच रेकॉर्डिंगवरून पुन्हा बघून झाल्या. पद्धत तीच. लुका डॉन्चिचच्या हातात बॉल आला की मॅच थांबवायची आणि तीनच गोष्टी लिहायच्या: स्क्रीन (आडवं उभं राहून बचावपटूची वाट अडवणं) कुणी लावली, लावणारा बास्केटकडं धावला की बाहेरच राहिला, आणि समोरच्यांचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, कुठं उभा होता. पॉइंट लिहायचे नाहीत, ते कुठंही मिळतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलस संघानं लुकाला लेकर्सना देऊन त्यांच्या अँथनी डेव्हिसला घेतलं, तेव्हा आमच्या ग्राउंडवर सगळ्यांच्या तोंडी एकच होतं: लेकर्सचा लेब्रॉन आणि लुका, दोघांनाही हातात बॉल हवा, बॉल एक, जमायचं कसं? माझ्या वहीचं पहिलं पानही त्यानंच भरलंय. आता ते पान वाचताना वाटतं, आपण नको तिथं बघत होतो. लेब्रॉन स्क्रीन लावतो, बॉल हातात नसतानाही रिंगकडं कट मारतो. डॅलसमध्ये कायरी अर्विंगबरोबरही लुकाचं जमलंच होतं की.

डॅलसमध्ये जे होतं आणि लेकर्सकडं नव्हतं, ते म्हणजे गॅफर्ड आणि लाइव्हली हे उंच उडणारे सेंटर. लुका पळून कुणाला मागं टाकत नाही. खासबागेत पैलवान समोरच्याचा तोल चाचपत राहतो, तसा तो स्क्रीनवरून हळू येतो, आपल्यामागच्या बचावपटूला पाठीवर घेतो आणि सेंटरकडं बघत राहतो. सेंटर पुढं आला की वरून लॉब, म्हणजे रिंगकडं धावणाऱ्या गड्याला उंच पास. मागं राहिला की फ्लोटर (हलकेच उंच टाकलेला शॉट), नाहीतर स्टेप-बॅक (एक पाऊल मागं घेऊन मारलेला शॉट). कोपऱ्यातला बचावपटू मदतीला आत आला की कोपऱ्यातल्या शूटरला पास. ही सगळी साखळी लॉबच्या धाकावर चालते. धाक गेला की सेंटर निवांत उभा राहतो आणि कोपरेही बंद होतात. 2024 मध्ये डॅलस फायनलपर्यंत गेलं ते या साखळीवर, असं माझं ठाम मत आहे.

लेकर्सनाही हे कळत होतं. शार्लट संघाच्या मार्क विल्यम्स या सेंटरचा सौदा ठरला होता, पण वैद्यकीय तपासणीनंतर तो रद्द झाला. त्यांच्याकडचा सेंटर जॅक्सन हेज उडी चांगली मारतो, पण मिनेसोटाविरुद्ध त्याला फारसं खेळवलंच नाही. चौथ्या मॅचचा अख्खा दुसरा हाफ लुका, लेब्रॉन, रीव्ह्ज, हाचिमुरा आणि फिनी-स्मिथ हेच पाच जण खेळले. सेंटर नाहीच. मॅच 113-116 नं गेली. पाचव्या मॅचमध्ये मिनेसोटाचा सेंटर गोबेअर यानं 27 पॉइंट आणि 24 रिबाउंड काढले, 96-103 नं हरून मालिका 4-1 अशी संपली. ती पानं लिहिताना खरंच वाईट वाटलं.

जुलैत लेकर्सकडं डिआंद्रे एटन हा सेंटर आला. 2018 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तो पहिला आणि लुका तिसरा होता. उंची सात फूट, हात मऊ. मला घोर आहे तो त्याच्या सवयीचा: रोल करताना, म्हणजे स्क्रीन लावून रिंगकडं धावताना, मध्येच थांबून छोटा जंपर (उडी मारून शॉट) घ्यायला त्याला आवडतं.

थांबल्यानं काय बिघडतं ते पाऊस उघडल्यावर दोन रविवार आम्ही ग्राउंडवर करून बघितलं. आमच्यातला सगळ्यात उंच गडी स्क्रीन लावून रिंगपासून लांब, फ्री थ्रो लाइनवरच थांबला की बचाव करणारा एकटाच आम्हा दोघांना सांभाळायचा. तोच गडी रिंगकडं जोरात धावला की त्याला मागं जावंच लागायचं आणि मला शॉटला जागा मिळायची. लॉब आम्हाला जमत नाही, तरी नुसत्या धावण्यानं एवढा फरक पडला.

म्हणून लुका लेकर्सच्या आक्रमणात बसतो का, याचं माझं आजचं उत्तर एटनच्या पायांत आहे. वहीत नवा रकाना आखलाय: ‘एटन, थांबला की धावला’. दिवाळी पाडव्याला (22 ऑक्टोबर 2025) सकाळी साडेसातला वॉरियर्स संघाविरुद्ध मोसमातली पहिली मॅच आहे. अभ्यंगस्नान त्याआधी उरकायचं घरात सांगून ठेवलंय.