सांडगी मिरच्या आणि डेली सिटीचं धुकं

गुरुवार, रात्री

आज चौथा दिवस आणि आईच्या सांडगी मिरच्या अजून ओल्याच. सकाळी हात लावून बघितलं तर कालच्यापेक्षा जास्तच गार आणि चिकट लागल्या.

आई जूनमधे गुहागरहून आली तेव्हाच मी सांगितलं होतं की अगं इकडे डेली सिटीत, सॅन फ्रान्सिस्कोला लागून समुद्राच्या बाजूला, उन्हाळा वगैरे काही नसतो, पण तिला वाटलं मी नेहमीसारखं वाढवून सांगतेय. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन एवढंच तिने ऐकलेलं, आणि तिकडे आत्ता धो धो पाऊस म्हणून वाळवणं करता येत नाहीत तर इथे तरी करू म्हणून किलोभर मिरच्या आणल्या, चिरल्या, मेथी-धणे-हिंग-मीठ भरलं आणि परात बाल्कनीत ठेवून दिली. सकाळी दहाला समोरची बिल्डिंग दिसत नाही, दुपारी एक-दोनच्या सुमारास तासभर मरतुकडं ऊन येतं, आणि चार वाजले की परत पश्चिमेकडून धुक्याचे लोट. काल दुपारी १४ डिग्री होतं. ऑगस्ट संपत आलाय आणि आई स्वेटर, त्यावर शाल, पायात माझे लोकरीचे मोजे घालून बसलीय, मोजे जोडव्यांपाशी टेंगूळ आल्यासारखे फुगलेत.

"पाऊस नाही, ऊन नाही, मग हे आहे तरी काय गं?"

मी म्हटलं, याला इथले लोक कार्ल म्हणतात, २०१० मधे कुणीतरी ट्विटरवर या नावाने धुक्याचं अकाउंट काढलं आणि ते नाव चिकटलंच. आई म्हणाली, "कारलं? बरोबर ठेवलंय नाव."

तेव्हापासून घरात कारलंच चाललंय. "उठलीस का, बाहेर कारलं आहे, जॅकेट घाल."

तिला खरा त्रास गारठ्याचा नाहीये, समुद्राचा आहे. तिचं अख्खं आयुष्य समुद्रापासून पाच मिनिटांवर गेलं. तिच्या हिशोबात समुद्र म्हणजे दमट उकाडा, अंगाला चिकटलेलं पोलकं, आणि गार हवा पाहिजे असेल तर कुंभार्ली घाट चढून वर जायचं. इथे सगळं उलटं. किनाऱ्यावर हुडहुडी आणि डोंगर ओलांडून आत गेलं की भट्टी. रविवारी थॉर्नटन बीचला नेलं होतं तर पाण्यापर्यंत गेलीच नाही, लांबूनच म्हणाली, हा समुद्र आजारी आहे.

आजारी नाही, गार आहे. वायव्येचा वारा उन्हाळाभर किनाऱ्याला धरून वाहतो, त्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर येतं, भर उन्हाळ्यात ११-१२-१३ डिग्री. पॅसिफिकवरून येणारी दमट हवा त्या पाण्यावरून आली की तिचं धुकं होतं, आणि वर गरम कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं म्हणून ते उंच जातही नाही, इथेच लोळत राहतं. आईला मी फ्रीजचा दरवाजा उघडल्यावर वाफ दिसते तसं सांगितलं. ती म्हणाली, मग बंद करा की दरवाजा.

त्यात भर म्हणजे पोहे सादळले, पापड सादळले, मिठाच्या बरणीत दगड झालाय, कपाटातल्या चामड्याच्या पर्सवर बुरशी. आणि पाऊस म्हणाल तर थेंब नाही. सॅन फ्रान्सिस्कोत अख्ख्या वर्षाचा मिळून सरासरी ५८० मिलीमीटरच्या आसपास पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात, गुहागरला एकट्या जुलैत याच्यापेक्षा जास्त पडत असेल. आभाळ रोज भरलेलं आणि पडत काहीच नाही, याचा आईला मनापासून राग येतो.

शनिवार, डब्लिनहून

शेवटी मिरच्या घेऊन निघालो. मामेबहीण, म्हणजे ताई, डब्लिनला राहते (आयर्लंडचं नाही हो, इथलंच, डोंगरांपलीकडचं), आणि बार्टची, म्हणजे इथल्या लोकल गाडीची, निळी लाईन डेली सिटीला सुरू होऊन बरोबर डब्लिनलाच संपते. आई मांडीवर परात घेऊन, वर ओढणी बांधलेली, आणि अख्ख्या डब्यात मेथी-हिंगाचा वास. समोरच्या कॉलेजच्या मुलाने एकदा परातीकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि हेडफोन नीट केला.

शहराखालून, मग खाडीखालच्या बोगद्यातून गाडी गेली आणि वेस्ट ओकलंडला वर आली तर ऊन! आईने शाल काढली. सॅन लिआंड्रोला स्वेटर. कॅस्ट्रो व्हॅलीनंतर गाडी डोंगरांमधून जाते तिथे गवत पिवळं धम्मक, आई म्हणाली अगं हे तर आपल्याकडच्या एप्रिलसारखं. मोजे तिने गाडीतच उतरवले. डब्लिनला प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला तर तोंडावर तव्याची धग, फोनवर ३६ डिग्री, म्हणजे निघताना होतं त्यापेक्षा तब्बल २२ ने जास्त, तासाभराच्या प्रवासात. मी हे दहा वर्षं बघतेय तरी दरवेळी फोन परत परत चेक करते.

ताईच्या पॅटिओवर जुनं बेडशीट पसरलं, मिरच्या मांडल्या. दुपारी साडेतीनला जाऊन बघितलं तर देठ सुकून वाकडे झालेले, साली सुरकुतलेल्या. आई त्या प्रत्येकीला उलटत होती आणि इतक्या दिवसात पहिल्यांदा गुणगुणत होती. पाच दिवस जे डेली सिटीत झालं नाही ते इथे पाच तासात.

पण सुख म्हणाल तर तेही नाही. ताईच्या घरात दुपारी पडदे ओढून एसी, बाहेर कुणी नाही, रस्ता रिकामा, भावजी म्हणतात मागच्या महिन्याचं विजेचं बिल बघून पोटात गोळा आला. आई थोड्या वेळाने म्हणाली डोकं धरलंय.

मग साडेपाचच्या सुमारास एकदम वारा सुटला, पश्चिमेकडून, बेडशीटची टोकं उडायला लागली आणि आम्ही तिघी मिरच्यांवर वाट्या ठेवत धावलो. ताई म्हणाली, "आला बघ तुमच्याकडचा एसी." आणि ते खरंच आहे. आतल्या व्हॅलीत जमीन तापली की हवा वर जाते आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून, डोंगरांच्या खिंडींमधून आत ओढली जाते. ताईच्या पुढे लिव्हरमोर ओलांडलं की आल्टामाँट पासला पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे, ती याच वाऱ्यावर चालते. म्हणजे इकडे चूल पेटते म्हणून तिकडे आमच्या बाल्कनीत धुकं येतं. आईच्या मिरच्या तिकडे न वाळायला आणि इकडे वाळायला कारण एकच.

मंगळवार

परत डेली सिटी. परत १४.

ऑफिसमधे एक जण म्हणाला थांब, आता सप्टेंबर येतोय, आपला उन्हाळा आता सुरू होईल. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही पण खरंय, मुलांच्या शाळा सुरू होऊन जुन्या झाल्या की मग किनाऱ्यावर ऊन येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा कधीकधी उलटा फिरतो, आतून समुद्राकडे, आणि मग आमचं धुकंच उडून जातं. १ सप्टेंबर २०१७ ला सॅन फ्रान्सिस्कोत १०६ फॅरनहाईट झालं होतं, ४१ सेल्सियस, आजवरचा रेकॉर्ड. इथे घरात एसी सहसा कुणाकडे नसतो, तेव्हा मी तीन दुकानं फिरले एका टेबल फॅनसाठी, मिळाला नाही, रात्री ओला टॉवेल गळ्याभोवती घेऊन झोपले. आणि तोच कोरडा वारा म्हणजे वणव्यांचा सीझन. ९ सप्टेंबर २०२० ची ती सकाळ, नऊ वाजता आभाळ केशरी, घरात दिवे लावून बसलो होतो, धूर वर अडकलेला आणि खाली आमचं नेहमीचं धुकं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कारलं आहे ते बरंय.

आईला हे सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसेल.

शुक्रवार

ताईने मिरच्या कुरियरने पाठवल्या, काचेच्या बरणीत, खडखडीत वाळलेल्या, बरणी हलवली की खुळखुळ्यासारखा आवाज. काल रात्री आईने चार तळल्या, दहीभात, खिडकीबाहेर काही दिसत नाही, पायात मोजे. एक मिरची चावली आणि कुर्रकन् आवाज आला तेव्हा आई माझ्याकडे बघून हसली, जणू काही तिने त्या कारल्याला हरवलं.

बरणीचं झाकण बहुतेक माझ्याकडूनच उघडं राहिलं. आज सकाळी पोह्यांबरोबर घ्यायला गेले तर मिरची वाकवली तरी मोडेना.

आईने बोटाने दाबून बघितली, बाहेर बघितलं, आणि फोन उचलून ताईला विचारलं, "या शनिवारी घरी आहात का गं?"