अण्णांच्या नकला आणि ७५ रुपये

यंदा दिवाळीच्या आधी परभणीला गेले आणि माळ्यावरची अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ट्रंक खाली काढली. आई म्हणाली, "कशाला काढायलीस माय? वाळवी लागली असंल. देऊन टाक रद्दीत." वाळवी लागली होती, पण कडेकडेनं. मधले गठ्ठे शाबूत होते. दुकानात पावत्यांच्या गठ्ठ्याला अण्णा सुतळीची जी गाठ मारायचे, तीच गाठ इथंही.

अण्णा मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. दिवसभर कापूस-ज्वारीच्या पट्ट्या लिहायच्या आणि रात्री आठनंतर तालीम. तीसेक वर्षं त्यांनी नाटकं केली. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संस्थांकडून, गणपतीत गावोगावच्या मंडळांकडून, आणि कुणाला ताप आला म्हणून आदल्या दिवशी निरोप आला तरीसुद्धा. नायक कधीच नाही. वकील, फौजदार, मुलीचा बाप, घरगडी. स्पर्धेतलं अभिनयाचं एक गुणवत्ता प्रमाणपत्र आहे, ते आईनं फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय.

म्हातारपणी त्यांनी वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज केला. वय पन्नासच्या पुढं आणि कलेत किमान १५ वर्षं घातलेली, असा नियम. ती वर्षं दाखवायला प्रमाणपत्रं, कात्रणं, हँडबिलं यांच्या झेरॉक्स काढल्या. नकला, म्हणजे भूमिकांच्या हातानं लिहिलेल्या वह्या, मात्र ट्रंकेतच राहू दिल्या. मी विचारलं, तर म्हणाले, "त्याच्यावर कुणाचा शिक्का नाही ना." मानधन मंजूर झालं. त्यांच्या माघारी आता ते आईला मिळतं. नकलांबद्दलचं त्यांचं म्हणणं तेव्हा मला बरोबर वाटलं होतं. आता वाटत नाही.

नक्कल म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. ज्या संहितेवर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का असतो, ती संस्थेकडं किंवा दिग्दर्शकाकडं राहते. जुन्या नाटक मंडळ्यांत अख्खं नाटक प्रत्येकासाठी हातानं उतरवणं परवडायचं नाही, म्हणून ज्याला त्याला त्याचीच वाक्यं लिहून देत. समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, मग आपलं वाक्य. ती नक्कल. गल्लोगल्ली झेरॉक्स आल्यावरही अण्णांनी ही रीत सोडली नाही. शंभर पानी वही, आपलं निळ्या शाईनं, दुसऱ्याचं लाल शाईनं. ती वाचून नाटक कळत नाही. एका माणसाचं बोलणं कळतं, आणि दुसरे बोलत असताना त्याला कुठं कुठं गप्प उभं राहायचंय ते.

त्या गप्प राहायच्या जागांवरच त्यांनी सगळ्यात जास्त लिहिलंय. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम त्यांनी पुष्कळदा केला. आयुष्यात कधी थेंब न घेतलेला माणूस! त्या नकलेच्या समासात पेन्सिलनं गावागणिक नोंदी आहेत.

"पूर्णा. हशा आला नाही. मी घाई केली."

"सेलू. मनात दोन आकडे मोजून थांबलो. आला."

"जिंतूर. माईक बंद. मागच्यांसाठी बोललो, पुढच्यांना ओरडल्यासारखं झालं असेल."

"गंगाखेड. पेला खरा काचेचा निघाला. फुटेल म्हणून हात थरथरला. हे ठेवावं."

आणि त्यानंतर तळीरामाची जी दुसरी वही केली, तिच्यात बरोबर त्या वाक्यापाशी छोटासा पेला काढलेला आहे. कितीतरी वेळ मी त्या चित्रावर बोट ठेवून बसले होते. शाळेत असताना विंगेत उभं राहून मी तो हात थरथरताना पाहिलाय आणि मला वाटायचं, अण्णा खरंच घाबरलेत. देवघराशेजारच्या फ्रेममध्ये यातलं काही नाही.

बाकीचं सामान भराभर सांगते. क्रेपच्या तीन मिशा, स्पिरिट गमची वाळून गेलेली बाटली, मीटरगेजच्या काळातली पुठ्ठ्याची तिकिटं, एक ग्रुप फोटो ज्यात अण्णा टोकाला अर्धेच आलेत.

तळाशी मात्र लाल कापडी पुठ्ठ्याची वही निघाली. ही वही मी कधीच पाहिली नव्हती. तारीख, गाव, भूमिका, नाइट, आणि पैसे हातात पडले की पुढं बरोबरची खूण. नाइट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, ५० रुपये, ७५ रुपये. जिथं पैसे नाहीत तिथं "टॉवेल-टोपी" असं लिहून त्याच्याही पुढं खूण. आडतीवरची शिस्त.

१९९३ च्या गणपतीत सहा प्रयोग दिसतात. पाचांपुढं खूण आहे. सहावा औसा तालुक्यातल्या एका गावचा, नाव इथं लिहीत नाही. त्यापुढं लिहिलंय, "७५ रु. येणे. विसर्जनानंतर देतो म्हणाले."

विसर्जनाची रात्र उलटली आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी त्याच औसा तालुक्यात किल्लारीचा भूकंप झाला.

मी तेव्हा सातवीत होते. मोंढ्यातून धान्याची पोती घेऊन ट्रक निघाला, त्यात अण्णा चढले, एवढं आठवतं. आठ दिवसांनी परतले ते आल्या आल्या न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या वर्षी ते स्पर्धेला उभे राहिले नाहीत. तालमीचं निमंत्रण घेऊन दोघं घरी आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

वहीतही पुढची तीन पानं कोरी आहेत. मग १९९४ चा पाडवा, वर "श्री", आणि मुनीम नव्या वर्षाला ओढतो तशी मागची बाकी पुढं ओढलेली. गावाचं नाव तेच, रक्कम तीच, ७५ रुपये. फक्त "येणे" खोडलंय आणि वर "देणे" लिहिलंय.

आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, "मला कधी बोलले न्हाईत." मग वही हातात घेऊन पुढची सगळी पानं उलटून पाहिली. दरवर्षी पाडव्याला ती ओळ पुढं ओढलेली आहे. शेवटची २००८ ची. खूण कुठंच नाही.