नाताळची लाकडी घंटा: यंदा शिवणीचं लाकूड आणि कंपाउंड कट

स्क्रोल सॉवर, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक ब्लेडच्या करवत मशीनवर, कापायचे प्लायचे सपाट तारे यंदा बाजूला ठेवलेत. तीन-चार पट्ट्या एकावर एक चिकटवल्या की एका दमात तेवढे तारे निघतात, हात बसल्यावर त्यात मजा उरत नाही. म्हणून कंपाउंड कट. ठोकळ्याच्या लगतच्या दोन बाजूंवर नक्षी चिकटवायची, एक बाजू कापून तुकडे जागच्या जागी ठेवायचे, वरून पारदर्शक टेप गुंडाळायची, मग ठोकळा ९० अंशांत वळवून दुसरी बाजू. टेप काढली की चहूबाजूंनी आकार आलेली घंटा हातात.

लाकूड शिवण. माझा ओढा सागवानाकडे होता, पण त्यात सिलिका असते, ब्लेडची धार बघता बघता जाते. टिंबर मार्केटमधले वखारवाले मामा म्हणालेच, "सागवान कशाला नासताय? शिवण घ्या, मऊ हाय आन् वाकत न्हाई." खरंय. फिकट रंगामुळे पेन्सिलची खूणही स्पष्ट दिसते.

खरी परीक्षा ब्लेडच्या काटकोनाची. ३ मिमी प्लायमध्ये ब्लेड किंचित कललं तरी कळत नाही. ३८ मिमी ठोकळ्यात तोच कल घंटेला कुबड आणतो. टेबलावरच्या अंशांच्या पट्टीवर माझा भरवसा नाही. जाड तुकड्यावर उथळ काप घ्यायचा, मशीन बंद करून तुकडा ब्लेडच्या मागच्या बाजूला न्यायचा आणि ब्लेड त्याच कापात अलगद बसतं का ते पाहायचं. अडलं तर टेबलाचा कल थोडा बदलायचा. गुण्यापेक्षा हे पक्कं.

ब्लेड ७ नंबरचं, स्किप टूथ, म्हणजे एकाआड एक दात गाळलेलं. दातांमधल्या मोकळ्या जागेतून भुसा निघतो, लाकूड करपत नाही. ताण कडक हवा आणि ढकलायची घाई नको. जोर लावला की ब्लेड मधोमध फुगतं, मग वरची रेघ बरोबर आणि पोट वाकडं. आमच्या कोल्हापुरी रांगड्या हातांना हा संयम जरा जडच!

पॉलिश पेपर २४० नंबरपर्यंत, मग जवसाचं तेल. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

वाइल्डर मेमोरियल चर्चला जाणाऱ्या मित्राने झाडासाठी घंटा मागितल्यात, त्या तयार आहेत. आता कोल्हापुरी साजातला मासा घ्यायचाय. शेपटीचा देठ बारीक, त्यामुळे लाकडाच्या रेषा शेपटीच्या लांबीत ठेवाव्या लागतील, नाहीतर टेप सोडतानाच शेपूट तुटायची. कुणी एवढं बारीक काम शिवणीत केलंय का? की हळदू बरा?