मामा तलावांचे फोटो: क्षितिज सुटलं, प्रतिबिंब धरलं

गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचे हिवाळ्यातले फोटो जिम्प या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सरळ करणं सुरू आहे. गाडी कुठवर आली ते सांगतो.

मोठी अडचण पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची. समुद्राचं क्षितिज सपाट असतं, तिथं रेघ ओढली की झालं. आपल्या तलावाची समोरची कड मात्र क्वचितच कॅमेऱ्याला समांतर असते. एक टोक जवळ, दुसरं दूर. त्यामुळे पाणी सपाट असूनही फोटोत ती कड तिरकीच येते, आणि तशीच यायला हवी. ती आडवी करायला जाल तर पाण्यातली सगळी वाळकी खोडं एका बाजूला कलतात.

म्हणून आता प्रतिबिंब धरतो. पाणी संथ असेल तर खोडाचा शेंडा आणि पाण्यातला त्याचाच शेंडा जोडणारी रेघ उभी असते. खोड स्वतः वाकडं असलं तरी चालतं, हीच यातली मजा. गवंड्याचा ओळंबाच तो, फक्त पाण्यात सोडलेला. खोड फोटोच्या मध्याजवळचं निवडायचं. कॅमेरा वरखाली झुकलेला असेल तर कडेच्या उभ्या रेघा आत किंवा बाहेर कलतात. हे सकाळीच जमतं. एकदा वारा सुटला की शेंडा पाण्यात सापडत नाही.

जिम्पमध्ये मेझर टूल घेऊन दोन्ही शेंड्यांवरून रेघ ओढायची, दिशा ‘व्हर्टिकल’ ठेवायची, ‘स्ट्रेटन’ दाबायचं. फिरवणं एकदाच. दर वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि फोटो थोडा मऊ पडतो.

फिरवलं की कोपरे कापावे लागतात. 3:2 चा फोटो तेच प्रमाण राखून 1 अंश फिरवला तर साधारण 5 टक्के क्षेत्रफळ जातं. 3 अंशांना जवळजवळ 14. सारस पक्ष्यांची जोडी कडेला चरत असेल तर एवढ्यात एखाद्याचे पाय जातात. म्हणून फ्रेम मुद्दाम सैल घेतो. घट्ट फ्रेमचा हट्ट पक्षीवाल्यांनी सोडावा, असं माझं मत.

शार्पनिंग, म्हणजे कडा ठसठशीत करणं, अगदी शेवटी. आधी आकार लहान करायचा, मी लांब बाजू 1600 पिक्सेल ठेवतो, आणि मग अनशार्प मास्क हा शार्पनिंगचा फिल्टर. रेडियस 1 च्या आत, अमाउंट 0.5 च्या आसपास. रेडियस वाढवला की सारसाच्या लाल मानेभोवती फिक्या आभाळात पांढरी कडा उमटते. 100 टक्के झूमवर ती लगेच दिसते. धुक्याच्या आभाळाला शार्पनिंग नकोच, तिथं फक्त दाणे वर येतात. लेयर डुप्लिकेट करून वरचा लेयर शार्पन करतो, त्याला लेयर मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) लावतो आणि त्यावर काळा ब्रश फिरवून आभाळ वगळतो. धानाच्या बांध्यांतला कापणीनंतरचा खुंट मात्र शार्पनिंगने भलताच खुलतो, इतका की पक्ष्यावरून नजर उडते. मग तिथंही करड्या ब्रशने अर्धं उतरवतो.

शेवाळ आणि कमळपानांनी भरलेल्या बोड्यांचे, म्हणजे छोट्या तळ्यांचे, फोटो अजून तसेच पडलेत. तिथं प्रतिबिंबच नाही. पाण्यात रोवलेला बांबू उभा धरावा म्हटलं तर तो खरंच उभा आहे याची खात्री कोण देणार? तूर्त नजरेनेच फिरवतो. कुणी यापेक्षा बरी खूण वापरत असेल तर सांगा.