रायझन ३६०० नव्या बोर्डावर: पेस्ट बदलली, आकडे पुन्हा मोजले

बी४५० मदरबोर्डवरून बी५५० वर जायचं बरेच दिवस मनात होतं. प्रोसेसर तोच, रायझन ५ ३६००, आणि कूलरही बॉक्ससोबत आलेला रेथ स्टेल्थच. ३६०० पीसीआयई ४.० (कार्ड आणि एसएसडी जोडायचा वेगवान मार्ग) देतो, पण बी४५० मुळे सगळं ३.० वरच अडतं, त्यामुळे नव्या एनव्हीएमई एसएसडीचा अर्धा वेग वाया जात होता. बोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर उचलून दुसरीकडे बसवणं आलं, आणि कूलर एकदा निघाला की पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा थर, बदलणं आलंच. जुन्याच पेस्टवर कूलर परत दाबून बसवणारे पुष्कळ आहेत. मंडळी, तेवढं करू नका. एकदा उघडलेला थर पुन्हा दाबला की मध्ये हवा अडकते, आणि पेस्ट लावायची ती हवा हाकलण्यासाठीच.

शनिवार सकाळ: आधीचे आकडे

खिडकीतला डेझर्ट कूलर बंद केला. तो चालू असला की खोलीचं तापमान बघता बघता तीन-चार अंशांनी हलतं आणि सगळी चाचणी बिनकामाची होते. नागपुरात बसून मोजणाऱ्याने एवढं पथ्य पाळायलाच हवं. प्रोसेसरचा पंखा बायोसमधून पूर्ण वेगावर, कॅबिनेट बंद, आणि सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) सलग अर्धा तास.

खोली ३१, प्रोसेसर ८५. फरक ५४. पीपीटी, म्हणजे प्रोसेसर घेत असलेली वीज, ८५ वॉटच्या आसपास. या चिपची मर्यादा ८८ ची आहे.

मी वहीत नेहमी हा फरकच लिहितो. नुसतं ‘८५ आलं’ म्हणण्यात काही हशील नाही, कारण पुण्यातला जानेवारी आणि विदर्भातला मे यांची तुलना कशी करणार? आयडलच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका. ३६०० काही काम नसतानाही क्षणभर बूस्ट घेतो, म्हणजे वेग वाढवतो, आणि आकडा ४० वरून ५० वर उडी मारून परत येतो. त्याचा पेस्टशी काही संबंध नाही.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर बोर्ड बदलण्याआधी तो थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी सोय) बदलला की विंडोज ती मागतं.

काढताना

एएम४ वर, म्हणजे ३६०० ज्या सॉकेटमध्ये बसतो त्यावर, खरी जोखीम याच पायरीला आहे. या सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून धरणारी चौकट नाही. आतल्या पकडीने पिना धरल्या जातात, बस. जुनी पेस्ट कूलरला इतकी घट्ट चिकटते की कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. पिना आहेत १३३१, आणि वाकलेली एक पिन सरळ करायलासुद्धा भिंग घेऊन बसावं लागतं. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटवर चौकट आली आणि पिना सॉकेटमध्ये गेल्या, त्यामुळे ही काळजी मिटली. आपल्यापैकी एएम४ वाले अजून पुष्कळ आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

सिनेबेंच संपल्या संपल्या मशीन बंद केलं, केबल काढली, पॉवर बटण दाबून उरलेली वीज जाऊ दिली. पेस्ट गरम आहे तोवर मऊ असते, तेवढ्यात काम उरकायचं. पंख्याची वायर काढली. चारही स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल केले. मग कूलर न उचलता डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिलो. सुरुवातीला तो ढिम्म हलत नाही, नंतर हाताला एकदम हलकं जाणवतं. ते जाणवल्यावरच उचलायचा.

जुना थर

हा भाग मी निवांत बघतो. कंपनीतून आलेली पेस्ट कडेला वाळलेल्या शाडूसारखी झाली होती, नखाने टवके निघत होते. मधल्या भागात मात्र थर इतका विरळ की खालचा धातू चमकत होता. रोज तापायचं, निवायचं, धातू प्रसरण-आकुंचन पावायचा आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जायची. यालाच पंप-आउट म्हणतात.

३६०० मध्ये हे जास्त नडतं. झाकणाखाली दोन चिप आहेत: ७ नॅनोमीटरची कोअर असलेली छोटी आणि १२ नॅनोमीटरची आयओ (मेमरी आणि बाकी जोडण्या सांभाळणारी) चिप. कोअरवाली चिप मधोमध नाही, एका बाजूला सरकलेली आहे, आणि उष्णता मुख्यतः तिथूनच येते. म्हणून एएम४ वर मधोमध एकच ठिपका मला पुरेसा वाटत नाही. कोपऱ्यांपर्यंत पेस्ट पोचायलाच हवी.

सफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याचं फडकं. टिश्यू पेपरचे तंतू सुटतात. प्रोसेसर सॉकेटमध्येच ठेवून आधी वरचा पृष्ठभाग पुसला, मग लिव्हर उघडून बाहेर काढला.

बसवताना

सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला. प्रोसेसर आपल्या वजनाने आत बसतो, दाबायचा नाही. लिव्हर लावताना फक्त एक बोट वर टेकवलं.

पेस्ट आर्क्टिक एमएक्स-४. एक मोठा ठिपका मध्ये, चार बारीक कोपऱ्यांकडे. पेस्टच्या ब्रँडवरून आपल्याकडे जेवढी चर्चा होते तेवढी ती महत्त्वाची नाही, असं माझं ठाम मत आहे. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॉट प्रति मीटर केल्विन, चांगल्या पेस्टची जेमतेम दहाच्या घरात, हवेची ०.०२६. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट बरी, पण धातूपुढे काहीच नाही. थर जितका पातळ आणि एकसारखा तितका फायदा, आणि तो पातळ होतो दाबाने. लिक्विड मेटलचा (पेस्टऐवजी लावायचा गॅलियमयुक्त द्रव धातू) विचार करणाऱ्यांनी थांबा: स्टेल्थचा तळ ॲल्युमिनियमचा आहे आणि गॅलियम ॲल्युमिनियमला खातं.

स्टेल्थसाठी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे ब्रॅकेट काढावे लागतात. ते काढले की मागची बॅकप्लेट सुटून पडते, तिला हाताने धरून ठेवा. चारही स्क्रू आधी नुसते दोन आटे, मग तिरप्या क्रमाने अर्धा अर्धा फेरा, शेवटी थांबेपर्यंत. एकच बाजू आधी आवळली की कूलर कलतो आणि समोरच्या कडेला थर जाड राहतो.

ठसा बघायला मी कूलर मुद्दाम एकदा परत उचलला. पेस्ट चारही कोपऱ्यांत पोचली होती. मग सगळं पुसून नव्याने लावलं आणि कायमचं बसवलं.

रविवार: नंतरचे आकडे

तीच चाचणी, तेच कॅबिनेट, पंखा पूर्ण वेगावर. खोली ३२, प्रोसेसर ७८. फरक ४६, म्हणजे आठ अंश खाली. पीपीटी जवळपास तितकाच, म्हणून या आठ अंशांवर माझा विश्वास आहे. सिनेबेंचचा स्कोअरही किंचित वाढला. थंड राहिला की ३६०० थोडा जास्त वेग धरून ठेवतो.

आता पंख्याचा कर्व्ह (कोणत्या तापमानाला किती वेग) उतरवायला घेतलाय. रात्री एडिटिंग करताना आवाज कमी व्हावा म्हणून ७० अंशांपर्यंत पंखा निम्म्या वेगावर ठेवून बघतोय. त्यानंतर पेस्टऐवजी लावायच्या हनीवेलच्या पीटीएम७९५० शीटची पाळी. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते आणि पंप-आउटला चांगली टिकते म्हणतात. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की पेस्ट आणि शीट दोन्हींचा फरक याच पद्धतीने मोजून इथे टाकेन. कोणी एएम४ वर ती शीट वापरली असेल तर खोलीच्या तापमानासकट आकडे द्या.