बोम्बे आणायला सांगितले तेव्हा

साताऱ्यातून आयटीआयचा टर्नर ट्रेड, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातून घडवण्याचे शिक्षण, पूर्ण केल्यावर मी पुण्यात जपानी शिकलो, एन-४ परीक्षा उत्तीर्ण झालो आणि तंत्र-प्रशिक्षणार्थी म्हणून जपानच्या आइची प्रांतातल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये रुजू झालो. पहिल्या वर्षातच ‘किसो-क्यू’ ही प्राथमिक स्तराची कौशल्य चाचणी द्यावी लागणार होती. मला धास्ती होती ती कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांची. काताकाना लिपीत लिहिले जाणारे परदेशी शब्द बहुतेक इंग्रजीच, तेव्हा ते आपल्याला आयते येतात, अशी माझी समजूत होती. झाले नेमके उलटे.

तिसऱ्याच आठवड्यात वेल्डिंगच्या कोपऱ्यात टाकीतला आरगॉन वायू संपला. आमच्या तुकडीच्या प्रमुखांना, म्हणजे हानचोंना, मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘शिरिन्दा’ संपल्याचे सांगितले. ते थेट हायड्रॉलिक प्रेसकडे गेले आणि वाकून तेलगळती शोधू लागले, कारण ‘शिरिन्दा’ म्हणजे दट्ट्या ज्यात सरकतो तो सिलिंडर. मग माझ्या हातवाऱ्यांवरून त्यांना उलगडा झाला आणि ते म्हणाले, ‘‘आ, बोम्बे!’’ मी नम्रपणे सांगितले, की मी मुंबईचा नाही, साताऱ्याचा आहे. गॅसच्या टाकीचा हा शब्द जर्मन ‘बोम्ब’वरून आला आहे, हे मला त्या रात्री कळले आणि त्याच रात्री मी शब्दांची वही सुरू केली.

वहीत प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने होते: कानाला कसा ऐकू येतो आणि कोणत्या भाषेतून आला. पहिल्या रकान्यासाठी इंग्रजी उच्चार विसरावे लागले. जपानीत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत, ‘व्ह’चा ‘ब’ होतो आणि ‘न’ सोडल्यास शब्दाच्या शेवटी सुटे व्यंजन राहत नाही. त्यामुळे बोल्टचा ‘बोरुतो’ होतो, तर व्हॉल्व्ह आणि बल्ब दोन्ही ‘बारुबु’च. नटाला ‘नात्तो’ म्हणताना शेवटचा ‘ओ’ थोडा लांबला, तर आंबवलेले सोयाबीन मागितल्यासारखे होते. पेचकस ‘दोराइबा’, त्यातला चौफुलीचा ‘पुरासु’ आणि चपट्या टोकाचा ‘माइनासु’, ही नावे मात्र मला आपल्यापेक्षा सरस वाटली.

खरी गंमत दुसऱ्या रकान्यात होती. 1641 पासून दोन शतकांहून अधिक काळ युरोपीयांपैकी केवळ डचांना, तेही नागासाकीच्या देजिमा या चिमुकल्या बेटावरूनच, जपानशी व्यापार करता येत असे आणि 1857 मध्ये नागासाकीत लोखंडकामाचा कारखाना उभारायला घेतला तोही डच अभियंत्यांच्याच मार्गदर्शनाखाली. म्हणून ‘पोम्पु’ (पंप), ‘बुरिकी’ (कथिलाचा पत्रा), ‘गोमु’ (रबर) हे शब्द डच आहेत, आणि लेथला जुने कामगार ‘दाराइबान’ म्हणत तेही डचच. खिडकीची काच डचांकडून आलेली ‘गारासु’, पाणी प्यायचा ग्लास मात्र नंतर इंग्रजीतून आलेला ‘गुरासु’. व्हर्नियर कॅलिपरला तिथे ‘नोगिसु’ म्हणतात. आपण हे मापन-साधन ज्याच्या नावाने ओळखतो तो पिएर व्हर्निए फ्रेंच. ‘नोगिसु’ मात्र जर्मनमधल्या ‘नोनियुस’वरून आला आणि तो शब्द पेद्रो नुनिश या पोर्तुगीज गणितज्ञाच्या लॅटिन नावाचा. रोज शंभर वेळा हातात घेतलेल्या अवजाराचे हे बारसे कळल्यावर मी ते दोन दिवस जरा आदरानेच वापरले.

याउलट ज्यांची भीती होती ते कांजी शब्द मवाळ निघाले. गिअरला ‘हागुरुमा’ म्हणतात: पहिले अक्षर दाताचे, दुसरे चाकाचे. मराठी माणसाला दातेरी चाक वेगळे शिकवावे लागत नाही. स्क्रू ही वस्तू जपानला 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांनी आणलेल्या बंदुकीबरोबर ठाऊक झाली असे सांगतात, पण तिचे ‘नेजी’ हे नाव पिळणे या अर्थाच्या अस्सल जपानी क्रियापदावरून पडले आहे.

चाचणीच्या महिनाभर आधी आणखी एकदा फजिती झाली. लेथवर काम चालू असताना हानचो मागून म्हणाले, ‘‘बाइतो बदल.’’ ‘बाइतो’ म्हणजे अर्धवेळ नोकरी, एवढेच मला वर्गात शिकवले होते, आणि आम्हा प्रशिक्षणार्थींना अशी नोकरी करण्याची परवानगी नसल्यामुळे कोणी तरी माझी तक्रार केली की काय, या विचाराने मला घाम फुटला. त्यांनी टूलपोस्टकडे, म्हणजे लेथवर टूल जिथे पकडलेले असते तिकडे, बोट दाखवले. लेथच्या कटिंग टूललाही ‘बाइतो’च म्हणतात. नोकरीचा बाइतो जर्मन ‘आर्बाइट’चा तुकडा, टूलचा बहुधा डच ‘बाइटल’, म्हणजे छन्नी, यावरून आलेला. माझ्या टूलची धार खरोखरच गेली होती आणि जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, बर (कडेची खरखरीत कोर) धरली होती. तिला ते ‘बारी’ म्हणतात, तो शब्द तेवढा सुखाने कळला.

चाचणीचा लेखी भाग चूक की बरोबर, या प्रकारचा होता आणि कांजींच्या डोक्यावर वाचनासाठी बारीक हिरागाना ही उच्चार दाखवणारी लिपी छापलेली होती. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी टूल बसवले, टोकाची उंची सेंटरशी जुळवली, नोगिसुने व्यास मोजला आणि जॉब देण्याआधी कडेवरून बोट फिरवून पाहिले. बारी नव्हती.