तलावाच्या पाळीवर

वारसनोंदीच्या कामासाठी आज भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. कामाच्या निमित्ताने जुने 'वाजिब-उल-अर्ज' पाहायला मिळाले. कडा झिजलेल्या, पिवळट पानावर तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला (धानाच्या बांध घातलेल्या शेताला) आधी सोडायचे, गुरे कोणत्या वाटेने न्यायची, असे गावाचे रिवाज लिहिलेले होते.

१८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये ते सागर-नर्मदा प्रदेशाशी जोडून 'मध्य प्रांत' उभा केला गेला. प्रांत झाला म्हणजे जिल्हे, तहसिली, डेप्युटी कमिशनर आले एवढेच आपण वाचतो. पण खरा बदल जमिनीचे हक्क आणि सारा ठरवणाऱ्या बंदोबस्ताने केला, कारण भोसल्यांच्या काळात जो पाटील सारा गोळा करून भरत असे, त्यालाच नव्या सरकारने मालगुजार म्हणून गावाची मालकी देऊन टाकली. ज्या कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तलावांच्या पाळी, म्हणजे पाणी अडवणारे बांध, बांधल्या, त्यांचे तलावही पुढे 'मालगुजारी' म्हणूनच ओळखले जाऊ लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पाळीची डागडुजी आता कोणी करायची, हा प्रश्न मात्र आमच्या गावात अजून सुटलेला नाही.

परतताना पाळीवर थांबलो. तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचे पाणी सोडायच्या दाराजवळ, बेशरमाची झुडपे माजली होती आणि त्यांच्या आडून पाणी हळूहळू झिरपत होते. त्याची तक्रार लिहूनच बसमध्ये चढलो.